सामान्य मर्यादा निर्धारण समितीचे कार्य

जगात प्रत्येक गोष्टीला मर्यादा असते, आणि ती कुणीतरी आखून दिल्याशिवाय आपण ती ओलांडली आहे हे माणसाला कळत नाही. रस्त्यावर पांढरा पट्टा मारला की मगच माणूस चुकीच्या बाजूनं चालायला लागतो. त्याआधी तो नुसता चालत असतो. आजाराचंही तसंच आहे. पूर्वी आजार ठरवण्याचं काम खुद्द आजारी माणसाकडे होतं. बरं वाटेनासं झालं की तो आजारी, बरं वाटलं की बरा. पद्धत सोपी होती, पण तिच्यात एकसूत्रीपणा नव्हता (आणि तिची फाईल करता येत नव्हती). म्हणून शास्त्रानं आकडे आणले, आकड्यांसाठी संगणक आला, आणि आल्या आल्या त्यानं विचारलं: पासून किती? पर्यंत किती?

कोल्हापुरात हा प्रश्न गंगावेशीतल्या भागीरथी धर्मादाय रुग्णालयात दोन हजार दोन सालच्या दिवाळीनंतरच्या सोमवारी विचारला गेला, आणि तो अंजना शिंगे हिला विचारला गेला.

अंजना तिथं रक्त-लघवी तपासायची. मूळची शिरोळची. वडील भाऊसो शिंगे शाळेत शिपाई होते. बाबासाहेबांच्या तसबिरीखाली बसवून त्यांनी तिच्याकडून पाढे म्हणून घेतले होते, आणि तिचा आकडा चुकला की ते काही न बोलता तसबिरीकडे बघायचे. त्यामुळे आकड्यांच्या बाबतीत ती जरा हळवी होती. नोकरीला अकरा वर्षं झाली होती आणि अकराही वर्षं ती हंगामी होती (हंगाम कुठला, हे कुठं लिहिलेलं नव्हतं). तिची प्रयोगशाळा जिन्याखाली होती. सूक्ष्मदर्शकात डोळा घातला की वरून कोण उतरतंय हे तिला पावलांवरून कळायचं.

संगणक बसवायला पुण्याहून अभिराम केतकर नावाचे इंजिनिअर आले. दोन दिवस राहिले, मिसळ खाऊन एक दिवस आजारी पडले, आणि उरलेल्या दिवसात त्यांनी अंजनाला सगळं शिकवलं.

"मॅडम, सॉफ्टवेअर स्वतः काहीच ठरवत नाही," ते म्हणाले. "ते फक्त विचारतं. प्रत्येक तपासणीची सामान्य मर्यादा तुम्ही भरायची. रुग्णाचा आकडा मर्यादेबाहेर गेला की पडद्यावर लाल दिसेल आणि कागदावर आकड्यापुढे चांदणी छापली जाईल. डॉक्टरांनी फक्त चांदणी बघायची. वेळ वाचतो."

"आणि आकडे?"

"आकडे असतातच की. पण बघायची गरज नाही."

अंजनानं मुखपृष्ठ गेलेलं आपलं जुनं पाठ्यपुस्तक काढलं आणि चौसष्ट तपासण्यांच्या मर्यादा दोन दिवसांत भरून टाकल्या. उपाशीपोटी साखर सत्तर ते एकशेदहा. कोलेस्टेरॉल दोनशेपर्यंत. बायकांचं हिमोग्लोबिन, म्हणजे रक्ताचा लालपणा, बारा ते सोळा. प्रत्येक आकडा तिनं दोनदा वाचून बघितला. वडील असते तर तसबिरीकडे बघावं लागलं नसतं.

पहिल्या महिन्याचा निकाल पुढीलप्रमाणे लागला. एकूण अहवाल चारशे बारा. पैकी किमान एक चांदणी असलेले तीनशे एकोणनव्वद. उरलेले तेवीस निर्दोष होते (त्यातले अकरा नमुने बाटली फुटल्यामुळे तपासलेच गेले नव्हते). छापणारं यंत्र चांदण्या छापून छापून तापायला लागलं. कुरुंदवाडहून आलेल्या एका पावण्यांच्या कागदावर सात चांदण्या निघाल्या, तेव्हा त्यांनी बाहेरच्या बाकावर पेढे वाटले. "मोठ्या हाटेलाला बी पाचच असत्यात," असं त्यांचं म्हणणं पडलं. त्यांची समजूत काढायला डॉक्टरांना पाऊण तास लागला, आणि पेढे तोवर संपले होते.

हे असंच चाललं असतं. लोकांना आजारी असण्याची सवय झाली असती. पण डिसेंबरात रुग्णालयाचे अध्यक्ष जोतीरामअण्णा चौगुले यांनी स्वतःची तपासणी करून घेतली, आणि कागदावर चार चांदण्या निघाल्या.

अण्णा गुळाचे मोठे अडते. वजन एकशेबारा किलो, आवाज त्याहून जड. ते कागद घेऊन स्वतः जिन्याखाली आले. (पावलांवरून अंजनाला ते आधीच कळलं होतं; टेबलावरच्या काचपट्ट्या वाजल्या होत्या.)

"ह्ये कुणी ठरीवलं?" अण्णांनी विचारलं.

"पुस्तकात आहे, अण्णा."

"पुस्तक कुठलं?"

अंजनानं पहिलं पान शोधलं. "दिल्लीचं."

"दिल्लीत गूळ करत्यात?"

"न्हाई."

"मग दिल्लीची साखर कोल्हापूरला कशी लागू हुईल? एकशेधा म्हणं! एकशेधा तर आमच्या घरात नुसतं पाणी पिलं तरी हुती."

या युक्तिवादात शास्त्रीय चूक काढणं कठीण होतं, कारण तो फार मोठ्यानं मांडलेला होता. आठच दिवसांत विश्वस्तांच्या सभेनं ठराव करून सामान्य मर्यादा निर्धारण समिती नेमली. अध्यक्ष अण्णा. सचिव डॉ. नृसिंह हुपरीकर, रुग्णालयाचे मुख्य डॉक्टर. हे अत्यंत विद्वान गृहस्थ असून त्यांच्या घशात वाक्याचा उत्तरार्ध अडकत असे. महिला प्रतिनिधी म्हणून निवृत्त मुख्याध्यापिका श्यामलाताई. शिवाय दोन विश्वस्त, जे कोरमसाठी होते. अंजनाला हजर राहण्यास सांगण्यात आलं, बसण्यास सांगण्यात आलं नाही.

समितीची कार्यपद्धती सरळ आणि पारदर्शक होती. आधी प्रत्येक सदस्याची तपासणी झाली. मग सर्वांत मोठा आकडा घेऊन त्यात थोडी मोकळीक मिळवण्यात आली. अण्णांची साखर दोनशेआठ भरली, सबब सामान्य साखरेची वरची मर्यादा दोनशेदहा ठरली. कोलेस्टेरॉलला रस्सा-भत्ता म्हणून नव्वद वाढवून देण्यात आले. रक्तदाब एकशेऐंशीपर्यंत सामान्य. मार्केट यार्डात सौद्याच्या दिवशी दोनशे. वजनाची मर्यादा, बैठकीच्या खोलीतला काटा एकशेवीसच्या पुढे जात नसल्यामुळे, आपोआप एकशेवीस झाली. क्रिएटिनीन हे कुणाच्याच ओळखीचं नसल्यानं होतं तसं ठेवलं गेलं.

डॉ. हुपरीकर म्हणाले, "पण शास्त्रीयदृष्ट्या..." त्यांची हरकत इतिवृत्तात नोंदवण्यात आली, आणि त्यामुळे मिटली.

बायकांच्या हिमोग्लोबिनचा विषय चहानंतर आला. अंजनानं उभ्यानंच आकडे वाचून दाखवले. आजवर तीनशेचाळीस बायका तपासल्या. दोनशेएक्याण्णव जणींना चांदणी.

"म्हंजे शंभरातल्या पंच्याऐंशी?" अण्णांनी बशी खाली ठेवली. "पंच्याऐंशी बायका आजारी असत्या तर सैपाक कोण करतंय? म्हशीची धार कोण काढतंय? शिरोळात ऊस कोण भांगलतंय?"

"बायकाच," अंजना म्हणाली.

"झालं की मग! आजारी माणूस ऊस भांगलत न्हाय. म्हंजे त्या आजारी न्हाईत. आकडा आजारी हाय."

सगळ्यांनी श्यामलाताईंकडे बघितलं. ताई म्हणाल्या, "आमच्या आईची आठ बाळंतपणं झाली, पण तिचं रक्त कधी कुणी तपासलं नाही. काही अडलं नाही तिचं." आई कितव्या वर्षी गेली, हे कुणी विचारलं नाही (एकेचाळिसाव्या). बारावर असलेली खालची मर्यादा साडेपाचवर आणण्यात आली.

"साडेपाच?" अंजनाच्या तोंडून निघून गेलं. "अण्णा, साडेपाचला बाई उभी ऱ्हात न्हाई."

"तू उभी हायस न्हवं?" अण्णा म्हणाले. ते हसून म्हणाले, म्हणजे विषय संपला.

जानेवारीच्या सहा तारखेला दुपारी चार वाजता अंजनानं नवे आकडे भरून 'जतन करा' ही कळ दाबली. त्या एका क्षणात अकराशेसहा नोंदींपैकी आठशेएकाहत्तर रुग्ण बरे झाले. औषध लागलं नाही, सुई लागली नाही. काही जण तर त्या वेळी आपापल्या गावी होते, त्यांना कळलंसुद्धा नाही. जगातल्या कुठल्याही रुग्णालयाला एका कळीवर असा गुण आल्याची नोंद नसावी.

कीर्ती पसरायला वेळ लागला नाही. शाहूपुरीत आजारी पडलेली माणसं रिक्षा करून गंगावेशीत यायची आणि बरी होऊन परत जायची. जयसिंगपूरचे व्यापारी आठवड्याच्या बाजाराला जोडून तपासणी उरकू लागले. मुंबईच्या कुठल्याशा संस्थेनं 'आरोग्यमान उंचावणारे रुग्णालय' असं मानपत्र जाहीर केलं. डॉ. हुपरीकरांचं काम इतकं हलकं झालं, की चांदणी नसलेला कागद ते घडीसुद्धा न उलगडता परत देऊ लागले. वजन वाढलं त्यांचं. (मर्यादेत.)

या सर्वांगीण प्रगतीला एकच गालबोट होतं, आणि ते जिन्यावर बसलेलं असायचं. त्याचं नाव अंबूबाई.

अंबूबाई ही बायकांच्या वॉर्डातली आया. बेडपॅन, चादरी, बादल्या घेऊन दिवसातून तीसेक वेळा जिना चढायची. अलीकडे ती सातव्या पायरीवर बसायला लागली होती. कामाच्या वेळेत जिन्यावर बसल्याबद्दल तिला तीन मेमो मिळाले होते. ते तिला वाचता येत नसल्यामुळे ती ते घेऊन खाली अंजनाकडे यायची आणि अंजनानं वाचून दाखवले की पुन्हा जिन्यावर जाऊन बसायची.

तिसरा मेमो वाचल्यावर अंजनानं तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली. आत कोऱ्या कागदासारखं पांढरं होतं.

"मावशी, कधीपासून दमायला होतंय?"

"दमायला कुटं? जिना वाडलाय, ताई. आधी येवढा नव्हता."

अंजनानं रक्त घेतलं. पाच पॉइंट आठ. पुन्हा तपासलं. पाच पॉइंट आठ. छापलेला कागद निघाला तो स्वच्छ, चांदणीबिंदणी काही नाही. तो घेऊन ती डॉक्टरांकडे गेली.

"डॉक्टर, अंबूबाईंचं हिमोग्लोबिन पाच पॉइंट आठ आहे."

"चांदणी आहे का?"

"नाही."

"मग?" डॉक्टर म्हणाले, आणि त्यांनी पुढच्या रुग्णाला बोलावलं.

अंजना परत आली आणि स्टुलावर बसून राहिली. अण्णांकडे जावं तर समितीचा ठराव. डॉक्टरांशी भांडावं तर अकरा वर्षांचा हंगाम एका सहीनं संपला असता, आणि घरी दोन पोरींची शाळा होती. पण समोरच्या पडद्यावर तो आकडा होता, आणि तो बरोबर असून खोटं बोलत होता. असला आकडा तिनं आयुष्यात पाहिला नव्हता. तिला त्याची लाज वाटली.

तेव्हा तिला केतकरांनी घाईत दाखवलेलं एक पान आठवलं. प्रत्येक तपासणीच्या मागे दुसरं पान होतं: 'तातडीची मर्यादा'. भरणं ऐच्छिक. ही मर्यादा ओलांडली की संगणक शिट्टी मारायचा, आणि डॉक्टरांनी खाली येऊन स्वतःचं नाव व केलेली उपाययोजना भरेपर्यंत कागद छापायचा नाही. समितीनं पहिल्या पानावर पाच बैठका घेतल्या होत्या. दुसरं पान आहे, हे समितीला माहीत नव्हतं.

मंगळवारी डॉक्टर जेवायला गेले असताना अंजनानं दुसरी पानं भरायला घेतली. कळफलक घामानं ओला झाला. दोनदा पदराला हात पुसावे लागले. बायकांचं हिमोग्लोबिन: आठच्या खाली. साखर: दोनशेच्या वर. चौसष्टही पानं भरली. मग तिनं अंबूबाईला हाक मारली आणि नव्यानं रक्त घेतलं.

संगणकानं शिट्टी मारली ती अशी, की वरच्या मजल्यावर कुणाचा तरी कुकर झाला असं लोकांना वाटलं. डॉ. हुपरीकर हात धुवत होते, तसेच ओल्या हातांनी धावत खाली आले.

"काय झालं? बंद करा आधी ते!"

"तुमचं नाव टाकल्याशिवाय बंद होत नाही, डॉक्टर."

"माझं नाव कशाला?"

"पेशंटला कुणाच्या जबाबदारीवर घरी सोडलं, ते तारीखवेळेसकट नोंदवून ठेवतंय ते."

डॉक्टरांनी चष्मा लावला. तीन महिन्यांत पहिल्यांदाच त्यांनी आकडा वाचला. "पाच पॉइंट आठ? अहो, ही बाई चालते तरी कशी?"

"चालत नाही, डॉक्टर. जिन्यावर बसते. तीन मेमो आहेत तिला त्याचे."

अंबूबाई दारात भेदरून उभी होती. "माजं काय चुकलं का, ताई? ह्ये माज्याच नावानं वराडतंय व्हय?"

"तुमचं काही चुकलं न्हाई, मावशी. बसा. आज बसलं तरी चालतंय."

डॉक्टर शिकलेले होते, आणि मुळात वाईट नव्हते. फक्त बरेच दिवस त्यांना कुणी नाव विचारलं नव्हतं. त्यांनी नाव भरलं, आणि अंबूबाईला भरती करून घेतलं, तिच्याच वॉर्डात, तिनंच सकाळी घातलेल्या चादरीवर. तिला दोन बाटल्या रक्त चढवलं आणि जंताचं औषध दिलं. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. चौथ्या दिवशी ती अंजनाला म्हणाली, "ताई, माणसास्नी रोज असंच वाटतंय व्हय?" अंजनानं रिकामी बाटली उगीच उजेडात धरून बघितली.

मार्चमध्ये मानपत्राचा समारंभ ठरला. मुंबईहून पाहुणे आले. रुग्णालय दाखवत दाखवत अण्णा त्यांना जिन्याखाली घेऊन आले आणि बाही वर करून म्हणाले, "घे आमचं. पावण्यास्नी कळूंदे कोल्हापूरचं नॉर्मल काय असतंय ते." अंजनानं त्यांना थांबवून बघितलं, फुलं सुकतील, हार सुकतील, असं बरंच काही सांगितलं. अण्णा हात पुढे करून बसूनच राहिले. तपासणी झाली. संगणकानं शिट्टी मारली. पाहुण्यांनी आधी टाळ्या वाजवल्या.

साखर तीनशेबारा होती. डॉ. हुपरीकरांचं बोट कळफलकावर थांबलं. नाव टाकावं तर अण्णांची जबाबदारी अंगावर. न टाकावं तर शिट्टी. भीतीनंसुद्धा माणूस कधी कधी धीट होतो. "अण्णा," ते म्हणाले, आणि वाक्य त्यांनी शेवटपर्यंत नेलं, "जरा पायातलं काढा बघू."

चप्पल चावल्याची एक जखम दोन महिने भरत नव्हती. अण्णांनी ती मोज्याखाली ठेवली होती. संध्याकाळी त्यांना मिरजेला हलवलं. अंगठा थोडक्यात वाचला.

अण्णा दीड महिन्यानं परतले, सतरा किलोनं कमी होऊन. लगेच समितीची सहावी बैठक लागली आणि अंजनाला खुलासा विचारण्यात आला. या वेळी तिनं आपण होऊन खुर्ची ओढून घेतली.

"समितीनं ठरवून दिलं असताना तू दुसरं कशापायी भरलंस?"

"समितीनं नॉर्मल काय ते ठरवलंय, अण्णा. त्यातला एक आकडा मी हलवला न्हाई. मरायला टेकलंय कधी म्हणायचं, ते ठरवायचं राहिलं होतं. ते तेवढं भरलं."

अण्णांनी पायाच्या पट्टीकडे बघितलं. मग म्हणाले, "पुस्तक आण तुजं दिल्लीचं."

त्या बैठकीत साखरेची मर्यादा पुन्हा एकशेदहावर आणली गेली. अण्णांची साखर आता एकशेपाच होती. रस्सा-भत्ता रद्द झाला. अण्णांना रस्सा बंद होता. वजन, रक्तदाब, सगळं जिथल्या तिथं आलं, आणि समितीनं शास्त्राधिष्ठित दृष्टिकोनाबद्दल स्वतःचं अभिनंदन केलं.

"आणि बायकांचं हिमोग्लोबिन?" अंजनानं विचारलं.

"ते पत्रिकेत न्हाय," अण्णा म्हणाले. "पुढच्या बैठकीला घ्या." पुढची बैठक कोरमअभावी अद्याप झालेली नाही.

शिट्टीची तार डॉक्टरांनी स्वतः उपटली, पण नाव भरण्याचं काही चुकवता येईना. दर चौथ्या-पाचव्या बाईला त्यांना खाली यावं लागे, नाव घालावं लागे, आणि घातलंच आहे म्हणून गोळ्याही लिहाव्या लागत. शिरोळ तालुक्यातल्या बऱ्याच बायका त्या वर्षी बऱ्या झाल्या. आजारी म्हणून त्यांची नोंद कुठंच नसल्यामुळे ही आकडेवारी मात्र देता येत नाही. अंबूबाईला चौथा मेमो आला: कामाच्या वेळेत मोठमोठ्यानं गाणी म्हटल्याबद्दल. तो तिनं अंजनाकडून दोनदा वाचून घेतला आणि घडी घालून पोलक्यात ठेवला.

त्या दुपारी अंजनानं दार लोटून घेतलं आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा स्वतःच्या बोटाला सुई टोचली. सात पॉइंट नऊ. तिनं डॉक्टरांना बोलावलं, आणि त्यांनी नाव भरेपर्यंत बाजूला उभी राहिली.

आता आपल्याविषयी. वर साखरेचे आकडे आले तिथं आपण जरासे थांबलात, आपली साखर कुठं बसते ते मनाशी लावून बघितलंत, आणि दोनशेदहा जरा जास्त झाले पण एकशेदहाही तसे कडकच, असं आपल्याला वाटून गेलं. त्यात गैर काही नाही. स्वतःचा आकडा सगळ्यांनाच पाठ असतो. घरात आज सकाळी ज्या बाईनं आपल्या हातात चहाचा कप दिला, तिचं हिमोग्लोबिन किती आहे, तेवढं सांगा.

अंदाजे सांगितलं तरी चालेल.